नंतर बघू

निकाल लागला त्या दिवशी आण्णा आणि दाजी लातूरच्या कोर्टाबाहेर टपरीवर एकाच कागदावरची भजी खात उभे होते. मी शेजारीच होतो. शेवटचं भजं आण्णांनी मोडलं आणि अर्धं दाजींच्या हातावर ठेवलं. अकरा वर्षांच्या तारखा, उलटतपासण्या, तहकुबी, मोजणीचे नकाशे, सगळं त्या दिवशी संपलं होतं. चाकूर येईपर्यंत बसमध्ये दोघं शाळकरी पोरांसारखे बोलत होते.

त्यानंतर दीड वर्षानं आण्णांच्या वकिलाची नोटीस दाजींच्या दारात आली. वकील तोच होता, अकरा वर्षं दोघांची बाजू मांडलेला.

भांडण विहिरीचं. चाकूरच्या शिवारात, लातूर-नांदेड रस्त्यापासून थोडं आत, दोघांच्या सामाईक बांधावर ती विहीर आहे. 1972 च्या दुष्काळानं माणसं होरपळली, त्यानंतर दोघांच्या वडिलांनी मिळून ती खोदली. सुरुंग लावून काळा खडक फोडला, कडं बांधलं, सातबाऱ्यावर सामाईक नोंद करून घेतली. पुढं वरच्या अंगाच्या एका बड्या खातेदारानं विहिरीवर आणि तिच्याकडं जाणाऱ्या गाडीवाटेवर हक्क सांगितला. वाटेत आडवा चर खोदला. त्या दिवसापासून आण्णा आणि दाजी एक झाले.

पैसा आण्णांचा गेला, कारण त्यांचा मुलगा पुण्यात कमावता होता. पाय दाजींचे झिजले. प्रत्येक तारखेला पहाटेची बस धरायची, दिवसभर कोर्टाच्या व्हरांड्यात बसायचं, पुढची तारीख घेऊन अंधारात परतायचं. एका वर्षी ऐन पेरणीत ते लातूरला अडकले. तूर उशिरा पडली आणि गेली. एकदा बैलजोडी विकून त्यांनी आपला वाटा भरला. यातलं काहीही कुठं लिहिलेलं नव्हतं. दाजी एकदा म्हणाले होते, "आण्णा, तुमचं किती गेलं, आमचं किती गेलं, एका वहीत टिपून ठिवू." आण्णा म्हणाले, "घरातल्या घरात कसली वही? नंतर बघू." पुढं आण्णांनी रात्रीच्या लाईटीच्या पाळ्या ठरवायचं काढलं, तेव्हा दाजी म्हणाले, "आधी केस तर जिंकू, नंतर बघू."

दोन्ही वेळा कुणाच्या मनात खोट नव्हती, हे मी शपथेवर सांगेन. दुश्मन समोर उभा असताना आपल्याच माणसाकडं हिशोब मागायचा, हे दोघांनाही हलकं वाटलं.

जिंकल्यानंतर पहिलाच हरभरा आला आणि लाईट रात्रीची. आण्णांच्या गड्यानं मोटार आधी सुरू केली, दोन रात्री बंदच केली नाही. तिसऱ्या रात्री दाजींनी स्टार्टरच्या पेटीला नवं कुलूप लावलं. आण्णा म्हणाले, "माझ्या पैशावर केस जिंकली अन् मलाच कुलूप?" दाजी म्हणाले, "माझी हाडं मोडली त्याचं काय?" हे दोघं एकमेकांना बोलले असते तरी चाललं असतं. पण आण्णा हे गड्याला बोलले आणि दाजी सोसायटीच्या ओट्यावर बोलले. निरोप पोचेपर्यंत त्यात चार शब्द आणखी पडले.

मग तिसरा माणूस आला. रस्ता रुंद झाला, जमिनीचे भाव चढले, आणि व्यवहार जुळवून देणारी माणसं गावात फिरू लागली. त्यातला हा एक. तो आण्णांकडं चहा प्यायला आणि दाजींकडंही प्यायला. काय बोलला ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

माझे आजोबा शाळेत इतिहास शिकवायचे. सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणायचं, म्हणून मीही गुरुजीच म्हणायचो. आण्णा आणि दाजी दोघंही त्यांच्या हाताखालून गेलेले. नोटिशीची गोष्ट कानावर आली तसे त्यांनी मला दोन्ही घरी पाठवलं. "सांग, गुरुजींनी जेवायला बोलावलंय. दुसरा येतोय हे सांगू नको."

दोघं ओसरीवर समोरासमोर आले आणि दोघांचीही पावलं पायरीवर थबकली. पण गुरुजींसमोर परत फिरायची हिंमत त्या वयातही कुणाची झाली नाही. जेवण झालं. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, हरभऱ्याची भाजी. कुणी कुणाशी बोललं नाही. हात धुऊन झाल्यावर गुरुजींनी विहिरीचं नावही काढलं नाही. त्यांनी विचारलं, "खर्ड्याची लढाई शिकवली होती तुम्हाला. आठवते का रे?"

"मराठ्यांनी निजामाला हरवलं," आण्णा म्हणाले.

"कधी?"

दोघंही गप्प.

"1795. मार्च महिना, तारीख अकरा. पण मी तुम्हाला ती अर्धीच शिकवली. पुस्तकात अर्धीच होती. आज उरलेली ऐका."

गुरुजींनी सांगितलं ते मी माझ्या शब्दांत मांडतो आहे. त्यानंतर मीही बरंच वाचलं, त्यामुळं काही भर माझी आहे.

खर्ड्याच्या मैदानावर समोरासमोर उभी राहिलेली दोन सैन्यं तीनच वर्षांपूर्वी एका छावणीत होती. हे आपण पोरांना सांगत नाही. 1790 साली पुणं, हैदराबाद आणि कलकत्ता हे तिघं टिपू सुलतानाविरुद्ध एकत्र आले. पेशव्यांचा कलकत्त्याच्या ईस्ट इंडिया कंपनीशी करार पुण्यात 1 जूनला झाला आणि निजामाचा पानगलला 4 जुलैला. तिघांना टिपूचं भय होतं. त्याच्याकडून घेतलेला मुलूख तिघांत सारखा वाटायचा, हे आधीच ठरलं. इथपर्यंत चोख काम झालं.

चोख नव्हता तो पुणं आणि हैदराबाद यांच्यातला जुना हिशोब. दख्खनच्या सुभ्यांतून वसुलाचा चौथा हिस्सा चौथाई म्हणून आणि वर दहावा हिस्सा सरदेशमुखी म्हणून घेण्याचा हक्क मराठ्यांना 1719 च्या मोगल सनदांनी मिळाला होता. निजामाच्या मुलखातली ती बाकी वर्षानुवर्षं तुंबत गेली होती. त्याआधी दोघांची युद्धंही झाली होती. त्यातलं एक तर आपल्या घरातलं म्हणावं असं. चाकूरहून तासाभराच्या रस्त्यावर उदगीर. तिथं फेब्रुवारी 1760 मध्ये सदाशिवराव भाऊंनी निजामाचा पराभव केला. त्या लढाईत हरलेल्यांत तरुण निजाम अली होता. पस्तीस वर्षांनी खर्ड्याला साठी ओलांडलेला जो निजाम उभा होता, तो हाच.

तर टिपूची मोहीम निघाली तेव्हा या थकबाकीचा विषय पेशव्यांचे कारभारी नाना फडणीस यांनी बाजूला ठेवला. दुश्मन मोठा आहे, दोस्ताला आत्ता दुखवायला नको. आधी लढाई जिंकू, नंतर बघू.

इथं गुरुजी थांबले आणि त्यांनी पानाचा डबा उघडला. आण्णांनी खाली बघितलं. दाजींनीही.

लढाई मात्र तिघांनी खरोखर एकमेकांच्या जिवावर लढली. मे 1791 मध्ये गव्हर्नर जनरल कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणच्या तोंडाशी पोचला आणि तिथं त्याच्या सैन्याची दैना झाली. धान्य संपलं, बैल हजारांनी मेले, पाऊस सुरू झाला. वेढ्याच्या जड तोफा ओढायला जनावर उरलं नाही तेव्हा त्यानं त्या स्वतःच्या हातानं निकामी केल्या आणि माघार घेतली. त्याच वेळी हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन मराठी फौज घेऊन थोड्याच अंतरावर आले होते. पण कॉर्नवॉलिसला ते ठाऊक नव्हतं, कारण दोन्ही दोस्तांचे जासूद टिपूचे स्वार वाटेतच गाठत होते. मेलकोट्याजवळ मराठे येऊन मिळाले तेव्हा उपाशी इंग्रज फौजेला मराठ्यांच्या बाजारात धान्यापासून कापडापर्यंत सगळं विकत मिळालं. भाव चढा होता. जीव वाचला हे त्या वेळी सगळ्यांना कळलं, आणि भाव चढा होता हे इंग्रजांनी लिहून ठेवलं. मला या ठिकाणी नेहमी थांबावंसं वाटतं. उपकार आणि दर एकाच दिवशी घडले. आठवणीत पुढं कोणता राहतो, यावर दोस्तीचं आयुष्य ठरतं.

1792 च्या फेब्रुवारीत तिघांनी श्रीरंगपट्टण वेढलं आणि मार्चमध्ये तह झाला. टिपूचं निम्मं राज्य गेलं, 3 कोटी 30 लाख रुपये दंड बसला, आणि दोन कोवळे मुलगे त्यानं कॉर्नवॉलिसच्या छावणीत ओलीस पाठवले. मुलूख ठरल्याप्रमाणं तिघांत सारखा वाटला. त्या वाटाघाटींत पेशव्यांकडून हरिपंत फडके होते आणि निजामाकडून दिवाण मुशीर-उल-मुल्क. दोघं महिनोन्‌महिने एका मुलखात, एकाच शत्रूसमोर राहिलेले. एकमेकांचा स्वभाव, आवाज, राग, सगळं ओळखणारे.

"मग बिघडलं कामून?" दाजींनी विचारलं.

"जिंकल्यामुळं," गुरुजी म्हणाले. "दुश्मन होता तोवर दोघांचं तोंड एका दिशेला होतं. तो पडला आणि दोघं वळून एकमेकांकडं बघायला लागले."

कॉर्नवॉलिसनं एक प्रस्ताव मांडला होता. तिघांनी मिळून एकमेकांच्या राखणीचा पक्का करार करावा. निजाम लगेच तयार झाला, कारण अशी ढाल मिळाली की पुण्याची बाकी मागायची सोय उरत नव्हती. नाना टाळत राहिले, कारण सही केली की बाकी बुडत होती. बोलताना दोघंही स्नेहाचंच बोलत होते. करार झाला नाही, आणि का झाला नाही हेही कुणी उघड सांगितलं नाही. निजामानं मग फ्रेंच सरदार रेमंडच्या हाताखाली कवायती पलटणी वाढवायला घेतल्या. हैदराबादला ते संरक्षण वाटत होतं, पुण्याला तयारी वाटली.

आणि माणसं गेली. मला वाटतं, या गोष्टीतला सगळ्यात दुःखाचा भाग हाच आहे. ऑक्टोबर 1793 मध्ये कॉर्नवॉलिस विलायतेला परतला. फेब्रुवारी 1794 मध्ये महादजी शिंदे पुण्याजवळ वानवडीला वारले. त्याच वर्षीच्या जूनमध्ये सिद्धटेकला हरिपंत फडके वारले. ज्यांनी दोस्तांची छावणी डोळ्यांनी पाहिली होती, ज्यांचा शब्द दोन्हीकडं चालला असता, ते उठून गेले. उरले पुण्यात नाना आणि हैदराबादेत मुशीर-उल-मुल्क. दोघंही विलक्षण बुद्धीचे. पण आता सगळं बोलणं वकिलांमार्फत.

पेशव्यांचे हैदराबादेतले वकील होते गोविंदराव काळे. बाकीची मागणी त्यांनी दरबारात मांडली. हैदराबादचं म्हणणं, यातल्या कितीतरी रकमा आम्हाला मान्य नाहीत, आधी खुलासा करा. यात चूक काही नव्हतं. ज्याच्याकडं मागणी आहे त्यानं हिशोब विचारायचा नाही तर कुणी? पण भर दरबारात मुशीर-उल-मुल्क बोलून गेला की खुलासा करायला नानांनी स्वतः इथं यावं, आणि ते येत नसतील तर त्यांना कसं आणायचं ते आम्ही दाखवू. मामला पैशाचा होता तो मानाचा झाला. पैशाची तडजोड होते. बाकी निम्मी करता येते, हप्ते पाडता येतात. मानाचे हप्ते पडत नाहीत. त्यानंतर हैदराबादच्या छावणीत पेशव्याला धोतर-तांब्या देऊन काशीला धाडायच्या गप्पा चालल्याचं पुण्यात पोचलं. कोण बोललं, किती बोललं, कुणी वाढवलं, हे शोधायला कुणी गेलं नाही.

"सोसायटीच्या ओट्यासारखं," आण्णा हळूच म्हणाले. त्या रात्रीचं त्यांचं हे दाजींच्या बाजूला वळून बोललेलं पहिलं वाक्य.

निजाम बिदरहून निघाला आणि आपल्याच मांजरेच्या काठानं पश्चिमेला सरकला. या नदीकाठच्या गावांनी ती फौज जाताना पाहिली असणार. दोन्ही बाजूंना लाखाच्या घरात माणसं. पुण्याकडून शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले, पटवर्धन सगळे आले. सेनापती परशुरामभाऊ. निजामानं इंग्रजांकडं मदत मागितली. तीन वर्षांपूर्वीचे दोस्त म्हणून तो हक्कानं मागत होता. नवा गव्हर्नर जनरल सर जॉन शोअर म्हणाला, दोघंही आमचे स्नेही, आम्ही मध्ये पडणार नाही. निजामाच्या पदरी कंपनीच्या दोन पलटणी पगारावर होत्या, त्याही मराठ्यांविरुद्ध वापरू दिल्या नाहीत. खर्ड्याजवळ 11 मार्चला लढाई जुंपली, रात्री निजाम खर्ड्याच्या लहानशा गढीत शिरला आणि वेढला गेला. दोन दिवस तोफा सोसून त्यानं तह मागितला. सुमारे 3 कोटी रुपये, दौलताबादचा किल्ला, परांड्यापासून तापीपर्यंतचा मुलूख, आणि मुशीर-उल-मुल्क स्वतः पुणेकरांच्या ताब्यात. श्रीरंगपट्टणच्या वाटाघाटींत बरोबरीनं बसलेला दिवाण तीन वर्षांनी पुण्यात कैदी म्हणून आला.

आपली पुस्तकं इथं संपतात. मराठ्यांचा झेंडा, निजामाची शरणागती. अभिमान मलाही वाटतो. सगळे मराठे सरदार एका झेंड्याखाली लढल्याचा तो शेवटचा प्रसंग. पण मुलाला इतकंच शिकवणं म्हणजे त्याला पेरणी दाखवून रास न दाखवणं.

रास अशी झाली. ऑक्टोबर 1795 मध्ये पेशवा सवाई माधवराव शनिवारवाड्यातून पडून वारले. वय एकवीस. गादीवर कुणाला बसवायचं यावरून खर्ड्याचे विजेते एकमेकांवर उलटले. खर्ड्याचा सेनापती परशुरामभाऊ आणि खर्ड्याचा कारभारी नाना वर्षभरात एकमेकांचे वैरी झाले. नाना पळून कोकणात महाडला गेले. तिथून त्यांनी आपल्या बाजूनं उभं राहायला कुणाला बोलावलं? निजामाला. ऑक्टोबर 1796 च्या महाडच्या करारात खर्ड्याला मिळालेलं जवळजवळ सगळं परत द्यायचं ठरलं. मुशीर-उल-मुल्क तोवर सुटला होता. ज्या बाकीसाठी दोन लाखांवर माणसं मैदानात उतरली, ती बाकी दीड वर्षात पाण्यात गेली.

"म्हणजे कुणाच्याच हाती काही लागलं नाही," दाजी म्हणाले.

"लागलं की. तिसऱ्याच्या."

खर्ड्यानं निजामाला दोन गोष्टी शिकवल्या: मराठे शेजारी म्हणून भयंकर, आणि इंग्रज अर्धे दोस्त म्हणून निरुपयोगी. त्यातून त्यानं काढलेला मार्ग मात्र विचित्र होता. त्यानं इंग्रजांना पुरते दोस्त करायचं ठरवलं. 1 सप्टेंबर 1798 ला पुढचा गव्हर्नर जनरल वेलस्ली याच्याबरोबर तैनाती फौजेचा करार झाला. संरक्षण कंपनीचं, खर्च निजामाचा, आणि दुसऱ्या कुणाशीही कंपनीला विचारल्याशिवाय बोलायचं नाही. त्याच ऑक्टोबरात हैदराबादेतल्या फ्रेंच पलटणी लढाईविना निःशस्त्र झाल्या. पुढच्या मे महिन्यात श्रीरंगपट्टण पडलं, टिपू मारला गेला. आणि 1800 साली त्या तैनाती फौजेच्या खर्चापोटी निजामानं कंपनीला मुलूख तोडून दिला. कोणता? 1792 आणि 1799 मध्ये टिपूकडून मिळालेला, कडप्पा-बळ्ळारीकडचा. तिघांनी मिळून जिंकलेल्या राज्यातला निजामाचा वाटा आठ वर्षांत तिसऱ्याच्या खात्यावर चढला. निजामाला कुणी लुटलं नाही. त्यानं सही करून दिला.

पुण्याचंही तेच. शिंदे-होळकर वैर रक्तापर्यंत पोचलं. ऑक्टोबर 1802 मध्ये हडपसरजवळ यशवंतराव होळकरांनी शिंदे आणि पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला, पेशवा दुसरा बाजीराव पळाला आणि 31 डिसेंबरला वसईला त्यानंही तैनाती फौजेवर सही केली. पुढच्या सप्टेंबरात आपल्याच मराठवाड्यात, जालना जिल्ह्यातल्या असईला, शिंदे आणि भोसले कंपनीशी लढले आणि हरले. होळकर आले नाहीत. पेशव्याचे स्वार इंग्रजांच्या बाजूला होते. खर्ड्याला एका रांगेत असलेले चार झेंडे, आठ वर्षांनी असईला असे विखुरलेले.

इथं मी आजोबांना एक गोष्ट विचारली, ती सांगून टाकतो. दुसऱ्या महायुद्धाचं मी नुकतंच वाचलं होतं. 25 एप्रिल 1945 ला जर्मनीत तोरगावजवळ एल्ब नदीवर अमेरिकी आणि रशियन सैनिकांनी हात मिळवले होते. मग तीन वर्षांत बर्लिनचे रस्ते का बंद झाले? गुरुजी म्हणाले, "याल्टाचा कागद वाच." फेब्रुवारी 1945 मध्ये याल्टाला रूझवेल्ट, चर्चिल आणि स्टालिन बसले. पोलंडमध्ये खुल्या निवडणुका होतील असं लिहिलं. कधी, कुणाच्या देखरेखीखाली, खुल्या म्हणजे कशा, हे मोघम राहिलं. लढाई चालू होती, दोस्ताला दुखवायला नको. एप्रिलमध्ये रूझवेल्ट वारले, जुलैत चर्चिल निवडणूक हरले. मार्च 1946 मध्ये त्याच चर्चिलनं अमेरिकेत फुल्टनला युरोपवर लोखंडी पडदा पडल्याचं सांगितलं, आणि जून 1948 मध्ये रशियानं पश्चिम बर्लिनची वाट अडवली. जवळजवळ वर्षभर त्या शहराला पीठ आणि कोळसा विमानानं न्यावा लागला. माणसं वेगळी, देश वेगळे. आणि दोस्ती चालू असताना स्वच्छ अक्षरात लिहायचा कागद तिथंही मोघमच राहिला होता.

ओसरीवर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग आण्णांनी विचारलं, "गुरुजी, पण खरं कुणाचं व्हतं? पुण्याचं का हैदराबादचं?"

"तुला कुणाचं वाटतं?"

"पुण्याचं. बाकी तर व्हतीच की."

"अन् तुला रे?"

"हैदराबादचं," दाजी म्हणाले. "हिशोब इचारला तर काय चुकलं?"

गुरुजी म्हणाले, "दोघांचं खरं होतं. म्हणूनच जास्त वाईट झालं. एक जण खोटा असता तर तो मनातून कधीतरी वरमला असता. दोघांनाही आपण खरे आहोत ही खात्री होती, म्हणून दोघांनीही तिसऱ्याला घरात घेतलं."

दाजी मान खाली घालून होते. मग एकदम म्हणाले, "त्यो माज्याकडं आलता."

"कोन?"

"जमिनीवाला. म्हनला, आण्णा त्यांचा विहिरीतला हिस्सा मला देनार हायत. तुम्ही आधी कागद करा, मंग मी तुमच्या पाण्याची राखन करतो."

आण्णांचा चेहरा दिव्याच्या उजेडात पांढरा पडलेला मी पाहिला. "कवा आलता?"

"गेल्या बेस्तरवारी."

"माज्याकडं शनवारी. तेच बोलला. नाव तेवढं तुमचं व्हतं." थोड्या वेळानं ते म्हणाले, "दाजी, मी कागद वाचायला ठिवून घेतलाय. सही केली नाय."

"म्या बी नाय केली."

गुरुजी उठले. आत जाऊन माझी शंभर पानी कोरी वही आणि पेन घेऊन आले, दोघांच्या मधोमध ठेवलं आणि म्हणाले, "मी झोपतो. कंदील मालवू नका, लाईटीचा भरवसा नाही." आणि खरंच आत गेले. मी मात्र खांबाला टेकून जागा राहिलो.

पहिली ओळ लिहायला त्यांना अर्धा तास लागला. मग आण्णांनी वकिलाच्या फीचे आकडे आठवून लिहिले. दाजींनी बसचं भाडं लिहायला नको म्हटलं; आण्णांनी ते लिहायला लावलं. बैलजोडीची किंमत दाजींनी सांगितली तेव्हा आण्णा म्हणाले, "जोडी त्याहून जास्तीची व्हती. मी पाह्यली व्हती ती." आणि आकडा स्वतः वाढवून लिहिला. पाळ्या ठरल्या: एक आठवडा रात्र यांची, पुढचा आठवडा त्यांची. कोणत्या वारी बदलायची तेही लिहिलं. मध्येच एका रकमेवरून आवाज चढले, दाजी उठून पायरीपर्यंत गेले आणि परत येऊन बसले. बुडालेल्या तुरीचं काय धरायचं यावर मात्र एकमत होईना. किती पिकली असती, भाव काय लागला असता, कोण सांगणार? शेवटी आण्णांनी 'तूर' असा शब्द लिहिला आणि पुढची जागा मोकळी सोडली. खाली दोघांनी सह्या केल्या. साक्षीदार म्हणून मला बोलावलं.

वकिलाची नोटीस आठवड्यात मागं घेतली गेली. जमिनीवाल्याचे दोन्ही कागद दोघांनी एकत्र जाऊन त्याच्या हातात परत दिले. सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. त्यानंतरही दोनदा पाळीवरून कुरबुर झाली, एकदा तर महिनाभर बोलणं बंद होतं. पण त्या महिन्यातही मोटार वहीतल्या पाळीप्रमाणंच चालली.

गुरुजी आता नाहीत. वही आमच्या घरच्या कपाटात आहे. दर पाडव्याला आण्णा आणि दाजी येतात, ओसरीवर बसून ती काढतात, दिलं-घेतलं लिहितात, चहा घेतात आणि जातात. यंदाच्या पाडव्याला शेवटची रक्कम फिटली. तुरीपुढची जागा अजून मोकळी आहे.